घसा गेला, त्याला नखरा म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं ऑपेराचं चुरचुरीत सदर मी आवडीने वाचते. परवाचं वाचल्यावर मात्र अंगाचा तिळपापड झाला. रोमचा तो किस्सा तुम्ही ‘महाराणींचा नखरा’ म्हणून छापलात. २ जानेवारी १९५८ ला इटलीचे राष्ट्राध्यक्ष ग्रोंकी समोर बसलेले असताना ऑपेरा गायिका मारिया कॅलास ‘नॉर्मा’ या ऑपेराचा पहिला अंक गाऊन थांबली, हे खरं. पण आदल्याच दिवशी तिने बरं नसल्याचं कळवलं होतं, बदली गायिका तयार ठेवा म्हणून सांगितलं होतं. ती ठेवली नाही, यात तिचा काय दोष? डॉक्टरांनी श्वासनलिकेला सूज असल्याचं सांगितलं. ‘तुम्ही आजारी होतात हे आम्हाला ठाऊक आहे’ असा खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचा तिला फोन आला होता. किस्सेच सांगायचे तर हा का नाही सांगितलात? पुढे तिने ऑपेरा हाउसवर दावा लावला. १३ वर्षांनी निकाल तिच्या बाजूने लागला, तोवर तिची कारकीर्द संपलेली होती.

हे मला इतकं का लागलं, ते सांगते. मी चोविसाव्या वर्षी आमच्या गावच्या जत्रेत सुभद्रा केली होती. दुपारपासूनच घसा धरला होता. गालात ज्येष्ठमधाची काडी धरून रंगायला बसले, ती काढली थेट विंगेत. पहिल्या अंकात वरचा सा लागेना. पेटीवाल्या काकांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुढचं पद अर्ध्या पट्टीने खाली घेतलं. मध्यंतरात मी म्हटलं, आता होणार नाही. तर समितीतले एक जण म्हणाले, “बाय, पाहुणे पुढच्या रांगेत बसलेत. कशीबशी गा, पण गा.” मी गायले. वर वन्समोअर आला, तोही घेतला. शेवटच्या पदाला आवाज मध्येच तुटला आणि नुसती हवा बाहेर पडली. दीड महिना मी घरात पाटीवर लिहून बोलत होते. वरचा सा पुन्हा पूर्वीसारखा कधीच लागला नाही. आणि गावात दुसऱ्या दिवशी काय बोललं गेलं? ‘शेफारली. मुद्दाम गायली नाही.’

आमच्याकडे निदान पट्टी उतरवता आली, दोन ताना कमी घेता आल्या. ऑपेरात समोर अख्खा वाद्यवृंद लिहिलेल्या सुरांवर वाजवत असतो, ऐन प्रयोगात तो कोण खाली उतरवणार? माईक नाही. सगळ्या वाद्यांच्या वरून एकटा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. त्या रात्रीच्या पहिल्या अंकाचं ध्वनिमुद्रण आहे, सदरकारांनी एकदा कान देऊन ऐकावं. आजारी आवाज लपत नाही. ती थांबली ते बरोबर केलं. मी थांबले नाही, ती माझी चूक झाली.

एडिंबराच्या बाबतीतही तोच अन्याय. १९५७ मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरा हाउसबरोबर ती तिथे गायला गेली, तेव्हा तिचा करार चार प्रयोगांचा होता. ला स्कालाने तिला न विचारता पाचवा जाहीर केला आणि ती ठरल्याप्रमाणे चार गाऊन गेली, तर ‘पळाली’! ठरलेलं काम पुरं करून घरी जाणाऱ्याला आपण कधी पळाला म्हणतो का?

आणखी एक. लेखाशेजारी ‘कॅलास’ म्हणून जो फोटो छापलात, तो तिची प्रतिस्पर्धी गायिका रेनाता तेबाल्दी हिचा आहे. ज्या दोघींच्या भांडणावर अर्धा रकाना भरला, त्यांचे चेहरे तरी ओळखायला हवे होते. आणि त्या भांडणाचा शेवट लेखात कुठेच नाही. सप्टेंबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये तेबाल्दीचा प्रयोग होता. तो संपल्यावर कॅलास आत रंगपटात गेली आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली. त्या मिठीचाही फोटो आहे.

तोच फोटो पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढाच मोठा छापावा आणि खाली रोमच्या निकालाच्या दोन ओळी घालाव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक, फोंडा