हेड खोलण्याआधी

सातारा

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तुझी जुनी गाडी घाटात तापते, आणि ती पुरती न बघताच गॅरेजवाल्यानं तुला "हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल" असं सांगितलं. (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचं सील.) त्याला अजून हो म्हणू नकोस. हेड उतरवलं की गॅस्केट, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), नवे बोल्ट, टायमिंगचं सामान असं सगळं ओढून येतं. आणि दोष दुसरीकडे असला, तर एवढं करूनही गाडी तापायची ती तापतेच.

तू फोनवर जे सांगितलंस ते असं. सांगलीत सिग्नलला तापमानाचा काटा मधोमध. पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत हायवेला काही त्रास नाही. वाई सोडली आणि पसरणी घाट निम्मा चढला की काटा वर. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली मॅक्सच्या खुणेवर भरलेली, पण रेडिएटरचं टोपण उघडलं तर आत अर्धा लिटर कमी. या शेवटच्या गोष्टीकडे नीट बघ.

टोपणात दोन वॉल्व असतात. मोठ्या स्प्रिंगचा वॉल्व दाब धरून ठेवतो. टोपणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो त्या दाबाचा, बारमध्ये. मधली छोटी पितळी चकती उलट बाजूनं उघडते. इंजिन निवलं की आत ओढ तयार होते, चकती उघडते आणि बाटलीत गेलेलं कूलंट परत रेडिएटरमध्ये येतं. तुझ्याकडे गेलेलं परत येत नाही. याला कारणं तीन: चकती चिकटली आहे, बाटलीकडे जाणारी बारीक नळी कुठेतरी चिरली आहे आणि कूलंटऐवजी हवा ओढते आहे, किंवा गॅस्केट गेल्यामुळे सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. पहिली दोन कारणं किरकोळ खर्चाची, म्हणून आधी ती बघायची. गाडी थंड असताना टोपण काढ, चकती नखानं अलगद ओढून सोड. ती टचकन परत बसली पाहिजे. रबराच्या कडेला चीर किंवा पांढरा थर दिसला, तर दुरुस्तीच्या नादी न लागता त्याच आकड्याचं नवं टोपण बसव.

घाटातच का, तेही यात आलं. पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दर 300 मीटर उंचीला एक अंशानं उतरतो. दाब धरला नाही तर साधं पाणी साताऱ्यात साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं आणि महाबळेश्वरला साडेपंचाण्णवलाच, म्हणजे बऱ्याच गाड्यांचा फॅन जेमतेम सुरू होतो तिथेच. तेच अर्धं कूलंट, अर्धं पाणी आणि चांगलं टोपण असेल तर सव्वाशेच्या आसपासपर्यंत उकळी नाही. त्यात वाई ते पाचगणी दहा-बारा किलोमीटरात साडेपाचशे-सहाशे मीटरचा चढ: दुसरा गिअर, इंजिनावर पूर्ण ओढ आणि समोरून वारा जवळपास नाही.

गॅस शिरतोय का, हे घरी बघता येतं. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचं टोपण काढून रेडिएटर गळ्यापर्यंत भर आणि कुणाला तरी गाडी चालू करायला सांग. सुरुवातीचे चार-दोन मोठे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. बारीक बुडबुड्यांची धार लागली, थांबेना, आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढली, तर गॅस्केटचा संशय खरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थंड इंजिनावर टोपण लावून गाडी चालू कर आणि वरचा होज (रेडिएटरला जाणारी जाड रबरी नळी) दाबून बघ. मिनिटभरात, पाणी अजून गार असतानाच तो दगडासारखा कडक झाला, तर आत गॅसचा दाब आहे. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची गॅस टेस्ट करून घे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात आणि गॅस असेल तर निळा रंग पिवळा पडतो. ही टेस्ट न करता हेड खोलू देऊ नकोस. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली म्हणूनही घाबरू नकोस. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या वाफेनंही जमते. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाळ असेल, तर मात्र गाडी चालवायची नाही.

जुनी गाडी घेतली की मागच्याचे जुगाडही पदरात येतात. किल्ली फिरवल्या फिरवल्या रेडिएटरचा फॅन फिरतो का बघ. फिरत असेल तर फॅन डायरेक्ट केलाय, म्हणजे सेन्सर, रिले किंवा वायरिंगमधला दोष झाकलाय. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व, काढून टाकलाय का, तेही बघ. आपल्याकडे गाडी तापली की पहिला बळी त्याचाच जातो. काही इंजिनांत हा थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तोच नसला की बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्यातला बराच भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच घुमत राहतो आणि गाडी नेमकी चढाला तापते. थंडीत पाचगणीहून उतरताना काटा खाली पडत असेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय असं समज.

असेल तर काढून तपास. त्याच्या तोंडात दोरा अडकवून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत सोड, बुडाला टेकू देऊ नकोस, आणि शेजारी थर्मामीटर धर. त्यावर 82 कोरलेलं असेल, तर साधारण 82 अंशांना तोंड उघडायला लागतं आणि तो दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. पंचाण्णवपर्यंत पुरा उघडला पाहिजे. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट सपाटीला भागवून नेतो आणि घाटात दगा देतो.

रेडिएटर बाहेरून बघताना नुसती समोरची जाळी बघून समाधान मानू नकोस. कचरा अडकतो तो एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत. ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागे चालणाऱ्या गाडीत तिथे पाचटाचा भुगा आणि धूळ यांची गादी बसते. वरचे दोन बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागे कलवलास की दिसेल. पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे, हलक्या दाबानं मार. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं पात्या वाकतात. आतून चोक आहे का, हे गरम इंजिन बंद करून, फॅनचा कनेक्टर काढून बघायचं: रेडिएटरवर हात फिरवताना मध्येच गार पट्टे लागले, तर त्या नळ्या बंद आहेत. तुमच्याकडच्या बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं घातलं की हेच होतं. गळती थांबवायला हळद किंवा लीक बंद करणारी पावडर टाकलेली असली, तर हीटरच्या नळ्याही चोक होतात.

सगळं नीट निघालं तरी कूलंट बदलच. जुनं काढून डिस्टिल्ड वॉटर भर, हीटर गरमवर ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालव, निवू दे, काढ. स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीनदा हेच. रेडिएटरच्या खालच्या नळातून सगळं पाणी उतरत नाही, लिटर-दीड लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्येच राहतं, म्हणून आधीच पाणी मिसळलेलं तयार कूलंट ओतलंस तर ते पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घे. एकूण क्षमता साडेचार लिटर असेल, तर आधी सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट, मग मावेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर. रंगावर जाऊ नकोस, मॅन्युअलमध्ये प्रकार लिहिलेला असतो. भरताना गाडीचं तोंड चढावर ठेव, टोपण उघडं, हीटर पूर्ण गरमवर. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत वरचा होज मधूनमधून दाबत राहा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल.

तोवर घाटात जाऊ नकोस. जावंच लागलं आणि काटा चढला, तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, खालचा गिअर. तांबड्याला टेकला की बाजूला घेऊन इंजिन बंद. टोपणाला तासभर हात लावायचा नाही आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. चांगलं हेड तडकतं ते तिथेच.

शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन साताऱ्याला ये, मुक्कामालाच ये. यातल्या निम्म्या तपासण्या रात्रभर निवलेल्या इंजिनावरच होतात, सव्वाशे किलोमीटर चालवून सकाळी आलास तर त्यांचा उपयोग नाही. गॅस टेस्टचं किट आणि थर्मामीटर मी आणून ठेवतो. येताना मॅन्युअल, नवं टोपण आणि मागच्या मालकाकडे असतील तेवढी सर्व्हिसची बिलं आण. वहिनींना आणि काकांना नमस्कार.

तुझा,
श्रीधर