स्थगिती द्या, पण फुकट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोर्टात तुंबलेल्या दाव्यांविषयी आपल्या अंकात बरंच छापून येतं. पण दावा जिंकलेल्या माणसाचं पुढे काय होतं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून घरचीच गोष्ट सांगते.

इंदूरच्या रामबागेत आमचं जुनं घर आहे. रस्त्याच्या अंगाला एक दुकान, सासऱ्यांनी कधीकाळी भाड्यानं दिलेलं. भाडं महिना ९०० रुपये. मुलाला दवाखाना काढायचा होता, म्हणून ह्यांनी २०१३ साली आपल्या मध्य प्रदेशच्या १९६१च्या भाडे कायद्याखाली दुकान खाली करून मिळण्याचा दावा लावला. सहा वर्षं पेशीमागून पेशी (तारखेमागून तारीख) झाली आणि २०१९ मध्ये डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, आमच्या बाजूनं लागली. ताब्याचं वॉरंटही निघालं. ठरल्या दिवशी सकाळी अकराला कोर्टाचा माणूस आला, कुलूपवाला आला. त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडी काढून शटरपाशी मांडली, तेवढ्यात वकीलसाहेबांचा फोन : "काका, थांबवा सगळं. अपिलात स्टे झालाय." छिन्नी परत पिशवीत गेली. ह्यांनी कुलूपवाल्याच्या हातावर दोनशे रुपये ठेवले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. २०२२ मध्ये ते गेले. अपील अजून चालूच आहे.

अपील करणं हा भाडेकरूचा हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्थगितीची सोयही हवीच. उद्या अपील मंजूर झालं आणि तोवर दुकान पाडून झालेलं असलं, तर त्या निकालाचा त्याला काय उपयोग? माझा आक्षेप आहे तो स्थगिती ज्या पद्धतीनं दिली जाते त्यावर. आमचा स्थगितीचा हुकूम जेमतेम चार ओळींचा. अट एकच, भाडं नियमित भरावं. म्हणजे तेच ९०० रुपये. शेजारच्या तेवढ्याच गाळ्याला आज १२ हजार मिळतात. मी गणिताची शिक्षिका होते, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. महिन्याला ११,१०० आणि वर्षाला १,३३,२०० रुपयांचा तोटा. मुलगा अन्नपूर्णा रोडवर १४ हजार भाडं भरून दवाखाना चालवतो, ते वेगळंच. असं असताना अपील लवकर संपावं असं समोरच्याला का वाटावं?

कायदा असा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ४१, नियम ५ आहे. तो पहिल्याच वाक्यात सांगतो की नुसतं अपील दाखल झालं म्हणून डिक्री थांबत नाही. ती थांबवायची तर अर्ज वेळेत आलेला हवा, स्थगिती न दिल्यास भरीव नुकसान होईल हे दिसायला हवं आणि अर्जदारानं तारण द्यायला हवं. ही तिसरी गोष्ट आमच्या हुकुमात कुठेच नाही. आणि २००४ साली आत्मा राम प्रॉपर्टीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच सांगून ठेवलं आहे. दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधली जागा, भाडं महिना ३७१ रुपये ९० पैसे. स्थगिती हवी असेल तर महिना १५ हजार भरा, ही अट न्यायालयानं कायम केली. खाली करण्याची डिक्री झाली त्या दिवसापासून भाडेकरूनं बाजारभावानं मोबदला द्यायला हवा, हे त्यामागचं तत्त्व. वीस वर्षं उलटली तरी हा निकाल आमच्यासारख्यांच्या फायलीपर्यंत पोहोचलेला नाही.

मध्यंतरी मला एक वेडी आशा लागली होती. २०१८ मध्ये एशियन रिसर्फेसिंगच्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की खटल्यावरची स्थगिती सहा महिन्यांत आपोआप उठेल. मी तो कागद घेऊन वकिलांकडे धावले. ते म्हणाले, हे खालच्या कोर्टातला खटला थांबवण्याबद्दल आहे, तुमची स्थगिती डिक्रीच्या अंमलबजावणीवरची आहे. पुढे २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो सहा महिन्यांचा नियमच रद्द केला. मला वाईट वाटलं, पण विचार केल्यावर निकाल पटला. न्यायाधीशांना वेळ झाला नाही म्हणून एखाद्याचं संरक्षण कॅलेंडर पाहून काढून घेणं हाही अन्यायच. मात्र त्याच निकालानं उच्च न्यायालयांना हेही सांगितलं आहे की दुसऱ्या बाजूला न ऐकता दिलेली स्थगिती साधारणपणे थोड्या मुदतीचीच असावी आणि दोघांना ऐकून मग ती कायम करावी किंवा उठवावी. जिल्हा न्यायालयांनीही हाच शिरस्ता पाळावा असं मला मनापासून वाटतं.

१८७२च्या सुमारास प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टानं, म्हणून ठेवलं होतं की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आकडा आला, देशभरात डिक्रीच्या अंमलबजावणीच्या ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती (अर्ज) पडून आहेत. आमचं प्रकरण त्यातलंच एक.

माझ्यासारख्या वाचकांसाठी दोन गोष्टी, ज्या आम्हाला कुणी वेळेत सांगितल्या नाहीत. डिक्री झाली की पेढे वाटण्याआधी अपील कोर्टात कॅव्हेट लावा, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली ते ९० दिवस चालतं आणि तुम्हाला कळवल्याशिवाय समोरच्याला स्टे मिळणं अवघड होतं. आम्ही लावलं नाही, म्हणून तो फोन ऐन वेळी आला. दुसरं, स्टे झालाच तर त्याच आठवड्यात बाजारभावानं मोबदला मिळण्याचा अर्ज द्या, सोबत शेजारच्या गाळ्यांचे भाडेकरार जोडा. आम्ही तो २०२३ मध्ये दिला. तेव्हापासून तीन साहेब बदलले. प्रत्येकानं अर्ज पाहिला आणि "अपिलासोबत ऐकू" म्हणून पुढची पेशी दिली. अहो, अपील संपल्यावर त्या अर्जाचं काय करायचं? तो अपिलाच्या आधी, वेगळा ऐकला जावा, एवढंच मागणं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर