गोळी मी घेतली

प्रिय शैले,

चार महिने पत्र नाही, रागावली असशील. तब्येत ठीक. गुडघा दुखतोय, कशानं कोण जाणे. पण मंगळवारी वहीत जे सापडलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

वही तुला ठाऊक आहे, कट्ट्यावरची, २०० पानी. आमचा सगळ्यांचा देह एकच, आठवणी वेगळ्या, म्हणून ज्याच्या हाती दिवस, त्यानं तारीख, वेळ, कुठे होतो, काय खाल्लं, किती खर्च केला, कुणाला काय कबूल केलं एवढं लिहायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण शब्द एक देतो आणि बोलणी दुसरा खातो. सही लागत नाही. मराठीच चुगली करते: 'मी गेलो' म्हणजे रावसाहेब, 'मी गेले' म्हणजे मी नाहीतर वहिनी, आणि वहिनीचं अक्षर तिरकं. छोटी चित्र काढते, तिच्यासाठी पानाचा खालचा भाग कोरा ठेवायचा.

मंगळवारी एकच ओळ. उभं, दाबून काढलेलं अक्षर. 'गोळी मी घेतली.'

आता सांग, कोण? 'घेतली' हे गोळीचं क्रियापद, लिहिणाऱ्याचा पत्ताच लागत नाही! अक्षर आमच्यापैकी कुणाचंच नाही. डबी पाहिली, मंगळवारचा खण रिकामा.

सात खणांची ती डबी आणली, कारण पाकिटातून घेताना रात्रीची गोळी दोघांकडून घेतली जायची. एकानं घेतलेली दुसऱ्याला आठवत नाही. आता खण रिकामा म्हणजे घेतली, आठवायला नको. रविवारी एकदाच भरायची. घोळ होतो तो मधेच कुणी मायेनं रिकामा खण भरून ठेवला तर, म्हणून पाकिटं कुलपात. (गोळ्या झोपेच्या आणि उदासीच्या. या आजाराची स्वतःची गोळी नाही, सगळं काम बोलण्याचं. आणि 'मल्टिपल पर्सनॅलिटी' म्हणणं सोड गं, १९९४ साली नाव बदललं, आता 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' म्हणतात. एका देहात पुरी माणसं कोंबलेली नाहीत, एकच माणूस आहे, जे लहानपणी एकसंध होऊच शकलं नाही. यावर आपण पुरेसं भांडलोय.)

म्हणजे ज्यानं कधी एक अक्षर लिहिलं नाही, त्याला डबीचा नियम ठाऊक आहे. तो वही वाचतो. कधीपासून? आणि मार्चमधली ती पानं वाचली असतील का, जिथं मी 'दूध कुणी नासवलं, जरा लाज वाटू द्या' असं लिहिलं होतं? वहीत रागावलं की लिहिणं बंद पडतं, हे मला कळायला हवं होतं. हॉस्टेलवर त्या जांभळ्या साडीवरून तू म्हणालीस, 'सोयीनं विसरतेस.' त्यानंतर मी तुला किती दिवस काही सांगितलं नाही, आठवतं? तसंच.

थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, नाव विचारू नका, वय विचारू नका, पुढे ओढू नका. जुनं दुखणं तर वहीत नकोच. ते वाचून रात्री एकटं असताना कुणी उसळलं तर सावरायला कोण? ते गुरुवारी, त्यांच्यासमोर. इथं फक्त आजचं, आणि उत्तर दिलं नाही तरी चालेल असा एखादा प्रश्न.

म्हणून लिहिलं, 'वाचलं. काळजी घेतलीत, बरं वाटलं. चहा साखरेचा की बिनसाखरेचा?' खाली अर्धं पान सोडलं. दोन दिवस कोरं आहे. पेन्सिलीला टोक काढून शेजारी ठेवलीय. दर तासाला जाऊन बघते, आणि बघू नये हेही कळतं. घाईनं माझ्याकडून काही बिघडेल का, शैले?

काकांचं मोतीबिंदूचं झालं ना? राजूला नोकरी लागल्याचं कळलं, पेढे राहिले. दिवाळीत ये.

तुझी,
मीना

ता.क. गुडघ्याचं मला ठाऊक आहे. शनिवारी जिन्यात घसरलो. वहीत लिहायचं राहिलं. – रा.