दातांचा एक्स-रे पहिल्याच खेपेला नीट यायला हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मिरजेत एक्स-रे काढण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून हे लिहावंसं वाटलं. मागच्या पंधरवड्यात नऊ वर्षांच्या नातीला सांगलीतल्या एका दातांच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या मदतनीस मुलीने सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी छोटी पट्टी, नातीच्या तोंडात ठेवला आणि म्हणाली, "बोटाने दाबून धर गं." बोट सरकलं. पहिल्या फोटोत दाढेचं मूळ अर्ध्यावरच कापलेलं, दुसऱ्यात दाढ ताणल्यासारखी लांबडी. शेवटी मी सेन्सर जागेवर धरून ठेवणारा होल्डर मागितला. तो ड्रॉवरमध्ये न उघडलेल्या पाकिटातच होता! त्यात सेन्सर बसवला आणि तिसरा फोटो स्वच्छ आला.

कुणी घाबरू नये. अशा एका छोट्या डिजिटल एक्स-रेचे किरण साधारण दिवसभरात निसर्गातून मिळतात तेवढेच. डॉक्टर गरज आहे म्हणाले तर नाही म्हणू नका. पण नातीला दोन खेपा फुकट किरण मिळाले, आणि लहान मुलांची गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मोठ्यांपेक्षा नाजूक असते, हे मला सलतं.

पालक फक्त शिशाचा एप्रन मागतात. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने तर २०२४ मध्ये एप्रन आणि थायरॉइड झाकणारी गळ्याची कॉलर वापरू नका, असंच सांगितलं. किरणांचा झोत नेमका दातापुरता ठेवा, हा त्यांचा भर आहे. एक्स-रे यंत्राच्या नळीच्या गोल तोंडाला चौकोनी जोड लावला की डोस निम्म्याहून कमी होतो. ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढताना तर गळ्यात कॉलर राहिली की तिची सावली जबड्यावर पडते आणि फोटो परत काढावा लागतो. तरीही एप्रन वापरायचाच असेल, तर तो हँगरला टांगा. त्या दवाखान्यात तो घडी करून खुर्चीवर टाकला होता. घडीवर आतलं शिसं चिरतं आणि वरून कळतही नाही.

आमच्या डार्करूमच्या दारामागे एक वही असायची. वाया गेलेली प्रत्येक प्लेट, का वाया गेली ते कारण आणि काढणाऱ्याचं नाव त्यात लिहायचं. दर शनिवारी साहेब ती वाचायचे. जिल्ह्यातल्या दंतवैद्यांनी अशी वही ठेवावी, मदतनिसांना होल्डर लावायला शिकवावं आणि पेशंटच्या बोटावर सेन्सर सोपवणं आजपासून बंद करावं, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, मिरज (जि. सांगली)