मकराक्ष आणि मकरध्वज वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील रामायणावरील लेखात मकराक्षाला मारुतीचा पुत्र म्हटले आहे. हा घोळ नावांच्या सारखेपणामुळे झाला असावा. मारुतीचा पुत्र तो मकरध्वज. अहिरावण-महिरावणाच्या लोककथेमुळे तो आपल्याकडे घरोघरी ठाऊक असला, तरी वाल्मीकींच्या रामायणात तो नाही. मकराक्ष मात्र तेथे आहे आणि तो खराचा मुलगा आहे.

आम्हा नाशिककरांना खर-दूषण परके नाहीत. परंपरेने जनस्थान मानलेल्या या पंचवटीच्या परिसरात रामाने एकट्याने चौदा हजार राक्षसांसह त्यांना मारले, ही कथा आम्ही गोदाकाठी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या खराचा मुलगा पुढे लंकेत बापाचा सूड घ्यायला उभा राहिला, हे मला स्वतःला मूळ ग्रंथ हाती घेईपर्यंत माहीत नव्हते.

युद्धकांडाच्या प्रचलित पाठातील ७८ आणि ७९ हे दोन छोटे सर्ग त्याचे आहेत. कुंभकर्णाचे मुलगे कुंभ-निकुंभ पडल्यावर रावण त्याला 'पुत्र' म्हणून हाक मारतो आणि रणात धाडतो. तो निघतो तोच सारथ्याच्या हातून चाबूक गळून पडतो, रथावरचा ध्वज कोसळतो आणि घोडे डोळ्यांत पाणी आणून अडखळत चालू लागतात, तरी तो माघारी फिरत नाही. रामासमोर येताच तो म्हणतो की, त्या वेळी महावनात तू माझ्या दृष्टीस पडला नाहीस, म्हणून माझे अंग जळते आहे. बाप मारला गेला तेव्हा आपण तेथे नव्हतो, हे त्याचे दुःख आहे आणि राक्षसाच्या तोंडी ते घालताना वाल्मीकींनी जराही कुचराई केलेली नाही. पुढे धनुष्य तुटते, रथ जातो, रुद्राने दिलेला शूलही राम बाणांनी छेदतो, तेव्हा मकराक्ष नुसती मूठ उगारून धावतो आणि अग्न्यस्त्राने छाती फुटून पडतो.

अशा योद्ध्याची ओळख दुसऱ्याच्या नावाखाली पुसली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. तरी येत्या रविवारी त्याच पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही नम्र विनंती.

आपला नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक