कुलूप नसलेल्या घरातली रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

शनिवारी माझा फोन लागला नाही आणि तुम्ही दोघं रात्रभर जागे राहिलात, हे मनाला फार लागलं. तिथे रेंजच नव्हती. रविवारी घाईत जेमतेम बोलणं झालं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांत, कोरूर नावाच्या बॉथीत मुक्कामाला होते. बॉथी म्हणजे डोंगरातलं साधं घर. राखणदार नाही, भाडं नाही, बुकिंग नाही आणि दाराला कुलूपही नाही. हे एका खोलीचं दगडी घर १८७७ साली हरणांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसासाठी बांधलं होतं. आता ते माउंटन बॉथीज असोसिएशन सांभाळते. १९६५ साली सुरू झालेली ही संस्था अशा शंभरएक बॉथींची काळजी घेते. छप्पर, दारं, भिंती, सगळी डागडुजी स्वयंसेवक करतात.

आई, तू विचारलंस आत काय असतं. वीज नाही, नळ नाही, अंथरूण-पांघरूणही नाही. आपला तंबू तेवढा घरी ठेवायचा, बाकी सगळं पाठीवरून न्यायचं. पाणी जवळच्या ओढ्याचं, मी उकळूनच प्यायले. बंद खोलीत गॅस पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वासही नसतो, म्हणून स्वयंपाक होईपर्यंत दार किलकिलं ठेवलं. शौचालय मात्र आहे, आणि तेही स्वयंसेवकच साफ ठेवतात. हे मला सगळ्यांत मोठं वाटलं. लांबून चालत येऊन अनोळखी लोकांसाठी हे काम करायचं!

गाडीरस्ता सोडल्यावर मी चार तास चालत होते. शेवटचा तासभर पाऊस होता. डेव्हिल्स पॉइंटच्या काळ्या कड्याखाली ते इवलंसं घर दिसलं तेव्हा डोळे भरून आले. आत कोणी नव्हतं. जमीन झाडलेली होती. खिडकीत अर्धी मेणबत्ती, आणि ओल लागू नये म्हणून पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी. माझ्यासाठी कोणीतरी ठेवून गेलं होतं, मी कोण हे माहीत नसताना.

बाबा, अनोळखी माणसं आली तर काय, ही तुमची काळजी बरोबर आहे. ती आली. रात्री नऊच्या सुमाराला एक नवरा-बायको चिंब भिजून दारात उभे. साधारण तुमच्याच वयाचे. मी सामान भिंतीकडे सरकवून त्यांना जागा केली, चहा केला. बॉथीचा रिवाजच आहे, उशिरा येणाऱ्यालाही जागा करून द्यायची. त्या काकूंनी मला त्यांचे कोरडे मोजे दिले, नको म्हटलं तरी ऐकेनात. आई, अगदी तुझ्यासारख्या. रात्रभर छपरावर पाऊस वाजत होता, आणि मला किती दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी आम्ही तिघांनी मिळून खोली झाडली, कचरा आपापल्या पिशवीत भरला. वहीत नाव लिहिलं. माझ्याकडची मेणबत्ती त्या अर्ध्या मेणबत्तीशेजारी ठेवली आणि दार नीट लावून घेतलं.

यापुढे निघायच्या आधी वाट, मुक्काम आणि परतायची वेळ तुम्हा दोघांना लिहून पाठवीन. आणि रेंज नसणार असेल तर तेही आधीच सांगेन.

तुमची,
ताई