आप्पा, रंगांचं खरं-खोटं

ऑक्टोबर, रविवार

ती. आप्पांना,
शि. सा. नमस्कार.

मी पाठवलेला तेजोमेघाचा फोटो पाहून फोनवर तुम्ही विचारलंत, "हे रंग तुम्ही कॉम्प्युटरवर भरता का गं?" आणि मी घाईत "नाही हो" म्हणून मोकळी झाले. तेवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून हे लांबलचक पत्र. (आजीला सांगा, दुर्बिणीच्या घुमटात बसताना दोन स्वेटर घालते. कानटोपीसुद्धा.)

आधी दुर्बिणीबद्दल सांगते, कारण फोटोपेक्षा ती तुम्हाला जास्त आवडेल. 1960 च्या दशकातली, 16 इंची आरशाची. विद्यापीठानं वापरणं सोडलं आणि घुमटाला कुलूप लागलं. इथल्या वर्कशॉपमधल्या एका निवृत्त मेकॅनिकनं मुलांना हाताशी धरून ती परत उभी केली. बेअरिंगमधलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं, ते रॉकेल लावून खरवडलं. आरसा बाहेर पाठवला. तिथे जुना मुलामा उतरवून निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमचा नवा चढवला. त्या थराची जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग! एवढी जड काच, पण प्रकाश परतवायचं काम त्या थराचं. काच नुसती त्याला आकार देते.

उज्जैनची वेधशाळाही अशीच पडून होती ना? माधवराव शिंद्यांनी 1923 मध्ये दुरुस्त करून घेतली म्हणून तर आम्ही शाळेच्या सहलीत तिथल्या शंकुयंत्राभोवती धुडगूस घालू शकलो.

आता खरी गंमत. पृथ्वी फिरते म्हणून दुर्बिणीला उलटं फिरवत तारा धरून ठेवावा लागतो. त्यासाठी 360 दातांचं मोठं चाक आणि त्याला लागून वर्म, म्हणजे आटे पाडलेला दांडा, जो एका फेऱ्यात चाक एक दात सरकवतो. चाकाचा पूर्ण फेरा 23 तास 56 मिनिटांत, म्हणजे वर्मचा एक फेरा जेमतेम चार मिनिटांचा. वर्म केसभर जरी वाकडा कापला असेल तरी दर चार मिनिटांनी तारा थोडा पुढे जातो, मागे येतो आणि फोटोत गोल ठिपक्याऐवजी शेवया उमटतात. वर या दुर्बिणीचं नाभीय अंतर (ते जितकं जास्त, तितकी प्रतिमा मोठी) सुमारे 4 मीटर, त्यामुळे बारीकशी चूकही मोठी होऊन दिसते. आता एक छोटा कॅमेरा शेजारच्या ताऱ्यावर नजर ठेवून मोटरला सतत चिमटे काढतो. लोक कॅमेऱ्याची किंमत विचारतात. मला विचाराल तर फोटो निम्मा त्या चाकानंच काढलेला असतो.

तुम्ही पाहिलात तो रिंग नेब्युला, अभिजित ताऱ्याच्या जवळ, स्वरमंडल तारकासमूहात. मरणाऱ्या ताऱ्यानं बाहेर फेकलेला वायू, अंतर अडीच हजार प्रकाशवर्षांच्या आसपास. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याची प्रतिमा पावणेदोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. देवयानी आकाशगंगा इथे मावतच नाही, ती आकाशात सहा पौर्णिमेच्या चंद्रांएवढी लांब आहे. मोठी दुर्बीण म्हणजे सगळंच मोठं दिसणार, हा समज इथे पहिल्याच रात्री सुटतो.

रंगांचं म्हणाल तर डोळा लावून पाहिलं की हे कडं राखाडी धुराचं वेटोळं दिसतं. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. कॅमेरा मात्र मिनिटामिनिटानं प्रकाश साठवतो. मग तशा पुष्कळ फोटोंची चळत लावायची. शंभर फोटो एकत्र केले की खरखर, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, एका फोटोच्या दहाव्या हिश्श्यावर येते. मधूनच गेलेल्या उपग्रहाची रेघही चळतीत गाळली जाते. कडेचा लाल हायड्रोजन आणि नायट्रोजनचा, आतला हिरवट-निळा ऑक्सिजनचा, 500.7 नॅनोमीटर तरंगलांबीचा. म्हणजे रंग आम्ही भरत नाही, ताणतो. किती ताणायचं हे कॉम्प्युटरवर बसणाऱ्याच्या आवडीवर असतं, आणि माझ्या शेजारी बसणारा मुलगा लग्नाच्या मांडवासारखा भडक करतो. तो फोटो मी पाठवलाच नाही.

ऑक्सिजनचा हा प्रकाश वर्णपटात फोडला की एक हिरवी रेषा दिसते. त्या रेषेनं शास्त्रज्ञांना फार छळलं. 1864 मध्ये इंग्लंडच्या खगोलशास्त्रज्ञ हगिन्सनी ती पाहिली, पुढे "नेब्युलियम" नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं गेलं. 1927 मध्ये अमेरिकेच्या भौतिकशास्त्रज्ञ बोवेननी दाखवलं की तो ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि अतिविरळ. मधल्या काळात पुण्याच्या सायन्स कॉलेजात खगोलशास्त्रज्ञ के. डी. नायगमवालांनीही मृगातल्या तेजोमेघात हीच रेषा तपासली होती. त्यांची ग्रब कंपनीची 20 इंची दुर्बीण तेव्हा भारतातली सर्वांत मोठी. 1912 मध्ये ती कोडाईकॅनॉलच्या वेधशाळेत गेली. पुण्याच्या काकांना एवढं सांगा, त्यांना पुण्याचं कौतुक लागतं!

एक काम तुमच्याकडे आहे. आमच्या मोठ्या चाकाचे एका बाजूचे दात झिजलेत. तिथे वर्म सैल पडतो आणि दुर्बीण हिसका देते. सध्या आम्ही पूर्वेकडे थोडं वजन जास्त ठेवतो, म्हणजे दात एकाच अंगाला दाबून राहतात. नवीन चाक कापून घेणं परवडत नाही. मिलमध्ये असं चाक आलं की तुम्ही ते फिरवून झीज दुसऱ्या बाजूला न्यायचात, की वर्म आत दाबायचात? दादाकडून टाइप करून घेऊ नका, तो अर्धं गाळतो. तुम्हीच लिहा, चित्र काढून.

आजीला नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची,
मनू